पाण्याखालील कॅमेऱ्याच्या भिंगावरील ओरखडा : दुरुस्ती की बदल?

पाण्याखालील छायाचित्रण ही एके काळी शास्त्रज्ञ आणि नौदलातील पाणबुडे यांच्यापुरती मर्यादित असलेली विद्या आता आपल्या किनाऱ्यावर अनेकांच्या हाती आली आहे. मुरगावसमोरील ग्रांदे बेटाजवळ असो किंवा उत्तरेस मालवण-तारकर्लीच्या पाण्यात असो, पर्यटकाला हात धरून खाली उतरविणारा तरुण आपल्या दुसऱ्या हातात एक लहानसा कॅमेराही बाळगतो. आणि वर आल्यावर पर्यटक प्रथम काही मागत असेल, तर ती आपली छायाचित्रे. दुसऱ्या टोकाला दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांचे काम आहे. गोव्यानजीकच्या सुंची खडकाजवळ बुडालेल्या सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत व पाणघोड्याचे दात सापडले. अशा ठिकाणी वस्तू जागेवरून हलविण्यापूर्वी घेतलेले छायाचित्र हाच तिच्या मूळ स्थितीचा पुरावा असतो. हस्तिदंतावर दिसणारी रेघ हस्तिदंतावरची आहे की कॅमेऱ्याच्या काचेवरची, ही शंका तेथे परवडणारी नसते.

या दोन्ही टोकांच्या मंडळींना गाठणारी एक सामाईक अडचण म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर पडणारा ओरखडा. होडीच्या काठावर आपटणे, वाळूत ठेवणे, खडकाला घासणे, कोरड्या पंचाने पुसणे ही त्याची नेहमीची कारणे. ओरखडा दिसला की माणसे बहुधा दोनपैकी एक चूक करतात. एक तर चांगली वस्तू निकामी ठरवून नव्या खरेदीच्या मागे लागतात, किंवा हाताला येईल त्या पदार्थाने काच घासू लागतात. प्रस्तुत लेखकाने या दोन्ही चुका केल्या असल्यामुळे त्यांविषयी लिहिण्याचा थोडासा अधिकार त्याला पोहोचतो.

पहिल्या चुकीची हकीकत अशी. आमच्या कार्यालयाकडे मोठ्या कॅमेऱ्यासाठी घेतलेले एक जलाभेद्य हाउसिंग आहे. त्याच्या पुढे ॲक्रिलिकचा अर्धगोल घुमट बसविलेला असतो. एका चित्रीकरणाहून परत येताना त्या घुमटावर बोटभर लांबीचा ओरखडा आणि भोवती बारीक रेघांचे जाळे उमटले. कार्यालयातील ट्यूबलाइटखाली तो घुमट असा काही विद्रूप दिसला, की पाहणाऱ्या प्रत्येकाने मान हलविली. निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला. टिप्पणीत ‘दुरुस्तीपलीकडे’ हे शब्द मीच लिहिले होते. नव्या घुमटाची किंमत पाहता त्या वर्षी दुसरे कोणतेही साहित्य घेता आले नसते. योगायोगाने हाउसिंगची रबरी कडी तपासण्यासाठी ते एका अनुभवी पाणबुड्याकडे गेले. त्याने काही न बोलता घुमट पाण्याच्या बादलीत बुडविला आणि मला मागच्या बाजूने आत पाहण्यास सांगितले. रेघांचे जाळे नाहीसे झाले होते. मोठा ओरखडा शोधून काढावा लागला.

यात हातचलाखी मुळीच नव्हती. शाळेत प्रकाशाच्या वक्रीभवनाचा जो धडा आपण पाठ करून विसरतो, तोच येथे उपयोगी पडतो. हवेचा वक्रीभवनांक जवळजवळ १ आहे, पाण्याचा १.३३, ॲक्रिलिकचा सुमारे १.४९ आणि सामान्य काचेचा सुमारे १.५२. दोन माध्यमांच्या वक्रीभवनांकांत जितका फरक, तितका त्यांच्या सीमेवर प्रकाश अधिक वाकतो आणि अधिक परत फेकला जातो. ओरखडा म्हणजे या सीमेवरील एक वेडावाकडा खाचखळगा. हवेत असताना त्या खळग्यात हवा भरलेली असते. ॲक्रिलिक आणि हवा यांतील फरक ०.४९ इतका मोठा असल्यामुळे तो खळगा प्रकाशाला चहूकडे विखुरतो आणि पांढरा चमकतो. पाण्यात बुडताच त्याच खळग्यात पाणी शिरते, आणि फरक उरतो केवळ ०.१६. म्हणजे ओरखड्याचा उपद्रव सुमारे एक तृतीयांशावर येतो. परावर्तनाच्या बाबतीत तर अंतर आणखी मोठे आहे. हवेतून ॲक्रिलिकवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. पाण्यातून येताना हे प्रमाण एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरते. काचेचे गणित थोडे कमी अनुकूल आहे, पण दिशा तीच.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. पाण्याचे हे साहाय्य फक्त बाहेरच्या पृष्ठभागाला मिळते. घुमटाच्या किंवा काचेच्या आतल्या बाजूस पाण्याखालीही हवाच असते. त्यामुळे आतल्या अंगाला पडलेला ओरखडा, मग तो कितीही क्षुल्लक दिसो, समुद्रतळाशीही तितकाच उपद्रवी राहतो. असे ओरखडे बहुधा कॅमेरा आत सरकविताना भिंगाच्या पुढची कडी घुमटाला घासल्याने पडतात. भिंगावरील धातूची छत्री काढून मगच कॅमेरा आत ठेवण्याची सवय यासाठी चांगली.

प्रथम निदान

मराठीत या कामासाठी तीन नेमके शब्द आहेत आणि ते एकमेकांऐवजी वापरू नयेत. डोळ्यांना दिसतो पण नखाला लागत नाही, तो ओरखडा. ज्यात नख अडकते, तो चरा. आणि जो पृष्ठभागापुरता न राहता पदार्थाच्या अंगात उतरतो, प्रकाशाकडे तिरके धरल्यास पात्यासारखा लकाकतो, तो तडा. ओरखड्याचे काय करावयाचे याचा विचार करता येतो, चऱ्यावर परिश्रम घेता येतात. तड्यावर मात्र विचार करीत बसू नये.

त्याहीपूर्वी तो ओरखडाच आहे ना, याची खात्री करावी. समुद्राचे पाणी सुकून राहिलेले मीठ ओरखड्यासारख्या पांढऱ्या रेघा काढते. कॅमेरा गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यास मीठ विरघळते आणि अनेक ‘ओरखडे’ त्याच्याबरोबर निघून जातात. मीठ कोरडे असताना बोट किंवा फडके लावणे हाच खऱ्या ओरखड्याचा उगम होय. मीठ स्वतः फार कठीण नसते. पण त्याच्या थरात अडकलेला वाळूचा कण हा गारेचा असतो. मोह्झच्या काठिण्यश्रेणीत गारेचा क्रमांक ७ आहे, सामान्य काच साडेपाचाच्या आसपास आणि ॲक्रिलिक तर ३ च्या आगेमागे. वाळूच्या एका कणापुढे दोघांचाही टिकाव लागत नाही.

आपल्याकडील पावसाळ्यात आणखी एक फसगत होते. बंद कपाटात ठेवलेल्या भिंगाच्या आत बुरशी वाढते. तिचे तंतू कोळिष्टकासारखे फाटे फोडीत पसरतात. ओरखडा असे फाटे फोडीत नाही. बुरशी हे भिंग उघडणाऱ्या कारागिराचे काम आहे, बाहेरून पुसून ती जाणार नाही.

ओरखडा आत आहे की बाहेर, हे ओळखण्यासाठी त्यावरून ओले बोट हलकेच फिरवावे. पाण्याच्या पातळ थराखाली तो फिका पडला, तर तो बाहेरचा. जसाच्या तसा राहिला, तर आतला. चित्रातील पांढरे ठिपके पाहूनही घाई करू नये. आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे आणि प्लवकांचे कण मुबलक असतात आणि दिव्याच्या प्रकाशात ते चांदण्यांसारखे चमकतात. एकापाठोपाठ घेतलेली दोन चित्रे शेजारी ठेवावीत. ठिपक्याने जागा बदलली असेल तर तो पाण्यातील कण. दोन्ही चित्रांत तो त्याच कोपऱ्यात बसला असेल तर कॅमेऱ्याकडे पाहावे.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष चित्राची. मोठ्या बादलीत किंवा हौदात कॅमेऱ्याचे तोंड बुडवून, पुढे पांढरी ताटली धरून, भिंगाचे छिद्र शक्य तितके लहान करून चित्र घ्यावे. नंतर बाजूने विजेरीचा झोत काचेवर टाकून पुन्हा घ्यावे. पहिल्या चित्रात काही दिसत नाही आणि दुसऱ्यात धूसर पडदा उमटतो, असे झाल्यास ओरखड्याचा दोष प्रकाश विखुरण्यापुरता आहे. त्यावर खर्च करण्याऐवजी दिवे घुमटाच्या कडेच्या मागे सरकवावेत, म्हणजे त्यांचा उजेड काचेवर पडणार नाही.

एकच ओरखडा, निरनिराळे परिणाम

आता असा प्रश्न निघेल, की मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवरचा ओरखडा चित्रात दिसत नाही, आणि मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यावरचा मात्र लगेच का दिसतो? उत्तर भिंगाच्या प्रकाशछिद्रात आहे. ५० मि.मी. केंद्रांतराचे भिंग एफ/४ वर ठेवले असता त्याचे छिद्र साडेबारा मि.मी. रुंद असते. एक दशांश मि.मी. रुंदीचा ओरखडा त्याच्यापुढे सव्वाशेपट लहान आहे. लहान कॅमेऱ्यात केंद्रांतर सुमारे ३ मि.मी. आणि एफ/२.८ चे छिद्र म्हणजे जेमतेम एक मि.मी.! तोच ओरखडा तेथे वाटेचा दहावा हिस्सा अडवितो. शिवाय या कॅमेऱ्यांना जवळचे आणि दूरचे सारेच बऱ्यापैकी स्पष्ट दिसते, त्यामुळे काचेवरील खोड पूर्णपणे अस्पष्ट होऊन विरून जात नाही.

घुमटाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. सपाट काचेतून पाण्यातील वस्तू तीन चतुर्थांश अंतरावर आणि त्या प्रमाणात मोठी भासते, हे पोहणाऱ्या प्रत्येकाने चष्म्यातून अनुभवलेले असते. घुमट हा दोष टाळतो, पण त्याबदल्यात तो स्वतः एका भिंगासारखा वागतो. दूरच्या सगळ्या दृश्याची एक आभासी प्रतिमा तो आपल्या पुढे, त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर उभी करतो. घुमटाची त्रिज्या १० सें.मी. असेल तर क्षितिजापर्यंतचा सारा समुद्र जणू घुमटापुढे ३० सें.मी. अंतरावर येऊन उभा राहतो, आणि कॅमेऱ्याच्या भिंगाला तेवढ्या जवळ दृष्टी लावावी लागते. अशा जवळच्या दृष्टीच्या टप्प्यात घुमटाचा पृष्ठभागही येऊ लागतो. घुमट जितका लहान, भिंग जितके विशाल कोनाचे आणि छिद्र जितके बारीक, तितका ओरखडा चित्रात शिरण्याचा संभव अधिक. सूर्य समोर असेल तर तो हमखास शिरतो.

अर्धे पाण्यावर आणि अर्धे पाण्याखाली असे जे चित्र पर्यटन विभागांच्या पत्रकांवर सर्वांनाच आवडते, त्यात घुमटाचा वरचा भाग हवेत असतो. तेथे पाणी खळगे भरून काढीत नाही. म्हणून ज्याला केवळ पाण्याखालचे काम करावयाचे आहे त्याने सहन करावा असा ओरखडा, अशा चित्रांचे काम करणाऱ्याने सहन करू नये. दुरुस्तीचा निर्णय वस्तूवर जितका, तितकाच वापरावर अवलंबून असतो, तो असा.

ॲक्रिलिक घासून साफ करणे

ॲक्रिलिक लवकर ओरखडते, हा त्याचा दोष; आणि घरच्या घरी पुन्हा नितळ करता येते, हा गुण. विमानाच्या खिडक्यांसाठी निघालेली मायक्रो-मेश नावाची अपघर्षक कापडे या कामासाठी सर्वमान्य आहेत. त्यांचे क्रमांक १५०० पासून १८००, २४००, ३२००, ३६००, ४०००, ६०००, ८००० असे चढत १२००० पर्यंत जातात. हे क्रमांक हार्डवेअरच्या दुकानातील पॉलिश पेपरच्या क्रमांकांशी जुळत नाहीत. दोहोंची सरमिसळ करू नये.

घुमट शक्य असल्यास हाउसिंगपासून सोडवावा. नसल्यास कडेचा धातू आणि रबरी कडीची जागा चिकटपट्टीने झाकावी. साबणाच्या सौम्य पाण्याने धुऊन भरपूर उजेडात बसावे. सर्वांत खरखरीत कापडापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, तो आवरावा. ३६०० ने ओरखडा हलतो का ते आधी पाहावे. न हलल्यास २४००, आणि नख अडकणारा चरा असेल तरच १५००. प्रत्येक खालची पायरी उतरणे म्हणजे स्वतःच्या हाताने शेकडो नवे ओरखडे पाडणे असते, आणि ते सगळे नंतर पुसावे लागतात.

काम पाण्याखाली किंवा वाहत्या पाण्यात करावे, दाब हलका ठेवावा. पहिल्या कापडाने एका दिशेने घासल्यास दुसऱ्याने तिच्याशी काटकोनात घासावे. मागील कापडाच्या सर्व रेघा नाहीशा होईपर्यंत पुढील क्रमांक हाती घेऊ नये. दोन क्रमांकांच्या दरम्यान घुमट, हात आणि बादली तिन्ही स्वच्छ धुवावीत. १५०० च्या कापडाचा एक कण ८००० च्या कापडात शिरला तर तासाभराचे श्रम फुकट जातात. हे माझ्या बाबतीत दोनदा झाले, आणि दुसऱ्या वेळी बादली बदलण्याचे शहाणपण सुचले.

सर्वांत महत्त्वाची सूचना मात्र निराळी आहे. केवळ ओरखड्याच्या रेघेवर घासत राहू नये. तसे केल्यास ओरखडा जातो, पण त्याच्या जागी एक उथळ खळगा तयार होतो, आणि तो खळगा लहानशा भिंगासारखे काम करून चित्राचा तेवढा भाग वाकवितो. ओरखड्याच्या कितीतरी पट मोठे क्षेत्र हळूहळू आणि सारखे घासून नेणे हाच मार्ग. याला वेळ लागतो. आमच्या घुमटाला दोन दुपारी लागल्या. बाहेरच्या अंगाला ४००० नंतरही किंचित दुधाळपणा राहतो. तो पाण्यात दिसत नाही, म्हणून निव्वळ पाण्याखालच्या कामास तेथे थांबले तरी चालते. आतल्या अंगाला, आणि अर्ध्या-अर्ध्या चित्रांसाठी बाहेरही, १२००० पर्यंत जाऊन शेवटी प्लॅस्टिकसाठीचे पॉलिश मऊ कापडाने लावावे लागते. एखाद्या घुमटावर कठीण किंवा परावर्तनरोधक लेप असल्यास तो या घासण्यात जाणार, हे आधी समजून घ्यावे. लेपाविषयीची माहिती निर्मात्याच्या पुस्तिकेत असते.

स्पिरिट, ॲसिटोन, थिनर, पेट्रोल आणि अमोनियायुक्त काच-स्वच्छक ॲक्रिलिकला लावू नयेत. ती लावल्यावर काही वेळा लगेच काही होत नाही, आणि मग पृष्ठभागावर केसासारख्या तड्यांचे जाळे उमटते. डीट हे द्रव्य असलेली डास पळविणारी मलमेही प्लॅस्टिकला बाधतात. पावसाळी संध्याकाळी मलम लावलेल्या हातांनी घुमट उचलू नये. असे जाळे एकदा उमटले की घुमट बदलावा. ते वरवरचे नसते.

काच असेल तर

काचेचा पोर्ट सहसा ओरखडत नाही, पण ओरखडला तर घरगुती उपाय जवळजवळ नाहीत. सिरियम ऑक्साइडने काच घासता येते, परंतु हाताने घासून सपाट काच सपाट ठेवणे कठीण आणि वक्र काचेची वक्रता राखणे त्याहून कठीण. त्यावरील लेप तर जातोच. म्हणून काचेच्या बाबतीत निवड दोहोंतच आहे: पाण्यात त्रास देत नसेल तर तसाच ठेवणे, देत असेल तर बदलणे.

येथे माझी दुसरी चूक सांगावयास हरकत नाही. एका लहान जलाभेद्य कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेवर एक अंधूक रेघ होती. दंतमंजनाची पेस्ट लावून घासल्यास ती जाईल, असा सल्ला मिळाला. पेस्टमध्ये अपघर्षक चूर्ण असते, हे खरे. तेवढ्यावर विसंबून मी पाऊण तास घासले. रेघ तशीच राहिली. तिच्याभोवतीचा परावर्तनरोधक लेप मात्र ठिकठिकाणी उडाला, आणि त्या कॅमेऱ्याने जमिनीवर काढलेल्या प्रत्येक सूर्यास्तावर एक जांभळट डाग येऊ लागला. पाण्याखाली तो डाग फारसा दिसत नाही. तो कॅमेरा आता फक्त तेथेच वापरतो.

मुठीतल्या ॲक्शन कॅमेऱ्यांपैकी काहींत ही अडचण निर्मात्यांनीच सोडविली आहे. गोप्रोच्या हिरो ५, ६ आणि ७ ब्लॅक या नमुन्यांत भिंगापुढील चौकोनी आवरण काढून नवे बसविता येत होते. हिरो ८ मध्ये ती सोय नव्हती. २०२० च्या हिरो ९ ब्लॅकपासून आवरण पिळून काढण्याची सोय पुन्हा आली. ओरखडलेले आवरण घासत बसण्यापेक्षा बदलावे, आणि दररोज पर्यटक उतरविणाऱ्या होडीवर एक जास्तीचे आवरण डब्यात ठेवावे. एका आवरणापायी दिवसभराच्या चित्रांवर पाणी सोडणे कोणालाच परवडत नाही. आवरण काढलेला कॅमेरा जलाभेद्य नसतो. ते बसविताना त्यामागील रबरात केस किंवा वाळू राहिल्यास पाणी त्याच वाटेने शिरते, म्हणून बदलण्याचे काम घरी, कोरड्या हातांनी करावे. ज्या जलाभेद्य कॅमेऱ्यांची पुढची काच पक्की बसविलेली असते, ते स्वतः उघडू नयेत. काच बदलल्यावर दाबाची चाचणी घेणारे सेवाकेंद्रच त्यासाठी योग्य होय.

जुन्या निकोनॉस कॅमेऱ्यांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण असे कॅमेरे अद्याप काही कपाटांत जपून ठेवलेले आढळतात. झाक कूस्तो यांच्या प्रेरणेने बेल्जियन अभियंता झाँ द वूटर्स यांनी रचलेला कॅलिप्सो हा त्यांचा पूर्वज. निकॉनने तो १९६३ मध्ये निकोनॉस या नावाने पुढे आणला. १९८४ मध्ये निकोनॉस ५ आला आणि २००१ मध्ये ही मालिका बंद झाली. या कॅमेऱ्यास हाउसिंग लागत नाही. भिंगाच्या पुढच्या काचेला पाणी थेट भिडते. त्याचे ३५ मि.मी. चे भिंग जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालते, पण १५, २० व २८ मि.मी. ची जलनिक्कोर भिंगे केवळ पाण्यासाठी रचलेली आहेत. त्यांची परीक्षा हवेत करून ‘चित्र अस्पष्ट येते, भिंग बिघडले’ असा शेरा मारणे म्हणजे माशाला झाडावर चढता येत नाही म्हणून नापास करणे होय. नवे सुटे भाग निर्मात्याकडून मिळण्याचे दिवस संपल्यामुळे येथे बदल म्हणजे वापरलेले दुसरे भिंग मिळविणे. म्हणूनच पाण्यात न दिसणारा ओरखडा या भिंगांवर निश्चिंतपणे राहू द्यावा.

जेथे तडजोड नाही

चित्र किती बिघडते, हा आतापर्यंतचा विचार झाला. काचेचे दुसरे काम पाणी बाहेर ठेवण्याचे आहे, आणि त्यात सवलत नाही. समुद्रात दर १० मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोग्रॅमचा दाब वाढतो. १० सें.मी. व्यासाच्या सपाट पोर्टचे क्षेत्रफळ सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर चौ. सें.मी. भरते. ३० मीटर खोलीवर त्यावर सुमारे २३५ किलोग्रॅमचा भार येतो; तीन धडधाकट माणसे त्या काचेवर उभी आहेत अशी कल्पना करावी. तडा गेलेला पोर्ट म्हणूनच, तो पाण्यात दिसेनासा झाला तरी, खाली नेऊ नये. काचेत पडलेला खोल चरा आणि कडेवरून उडालेली कपची यांनाही तोच न्याय लावावा.

चित्राच्या मधोमध असलेल्या ओरखड्यापेक्षा रबरी कडी जेथे टेकते त्या पृष्ठभागावरील बारीकशी रेघ अधिक घातक असते, ही गोष्ट पुष्कळांना विचित्र वाटते. पण पाण्याला वाट केसाएवढी पुरते. दुरुस्तीच्या धांदलीत ही जागा खरवडली जाऊ नये म्हणूनच वर चिकटपट्टी लावण्यास सांगितले आहे. कडी काढताना सुई, टाचणी किंवा चाकू वापरू नये. प्लॅस्टिकचे बोथट साधन किंवा बोटांचा चिमटा पुरतो. ती धुऊन, उजेडात फिरवून, केस व कण पाहून, निर्मात्याने सांगितलेल्या ग्रीसचा नुसता लकाकी येण्याइतका थर द्यावा. अधिक ग्रीस म्हणजे अधिक सुरक्षितता असा समज आहे. जादा ग्रीस वाळूला धरून ठेवते.

घुमट किंवा पोर्ट पुन्हा बसविल्यावर कॅमेरा आत न ठेवता प्रथम हाउसिंगमध्ये टिपकागद घालून ते बंद करावे आणि अर्धा तास हौदात बुडवून ठेवावे. बुडबुड्यांची रांग एकाच ठिकाणाहून निघत राहिली तर बाहेर काढून कडी पाहावी. हौदातील पाण्यास दाब नसतो; काही गळत्या तर खोलवर दाबाने आपोआप मिटतात आणि उथळ पाण्यातच डोके वर काढतात, तर काही नेमक्या उलट वागतात. म्हणून पुढच्या खेपेस तेच रिकामे हाउसिंग वजन बांधून, ज्या खोलीवर काम करावयाचे आहे तेथपर्यंत न्यावे. आमच्या घुमटाची ही चाचणी ग्रांदे बेटाच्या खेपेत झाली. निर्लेखनाचा प्रस्ताव त्याआधीच मागे घेतला होता. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्या नोंदीसमोर आता ‘दुरुस्त, वापरात’ असे शब्द आहेत आणि शेजारी घुमटाचे एक छोटे रेखाचित्र काढून, उरलेला ओरखडा घड्याळाच्या कोणत्या काट्याच्या जागी आहे ते दाखविले आहे, म्हणजे चित्रातील खुणेविषयी पुढे कोणालाही शंका आल्यास ती लगेच ताडून पाहता येईल. हाउसिंग वर आल्यावर बाहेरून गोड्या पाण्याने धुवावे, पुसून कोरडे करावे, आणि तोंड खाली धरून उघडावे, म्हणजे कडेला अडकलेला थेंब आत पडणार नाही. टिपकागदाचे चारही कोपरे बोटांनी चाचपून पाहावेत. ते कोरडे असतील, तरच पुढच्या खेपेस कॅमेरा आत ठेवावा.